दत्तूमामांची घुंई

दत्तूमामा कुणाच्याही घरात शिरले की चप्पल नंतर काढतात, आधी ट्यूबलाईट बंद करतात.

घर कुणाचंही असू द्या. माझ्या बहिणीला बघायला पाव्हणे आले होते. कांदेपोह्याच्या बशा हातात, मुलाच्या आईनं नुकतंच "स्वयंपाक येतो का गं?" विचारलेलं, आणि मामा दारातनं आत आले. खट्. बटण बंद. खोलीत संध्याकाळचा अंधार. मुलाच्या वडलांना वाटलं लाईट गेली. मामा अंधारातच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हां, बोला आता. मघापासून डोस्क्यात नुसतं घुंई घुंई करू लालती." ते स्थळ काही जमलं नाही. बहीण अजून दिवाळीला मामांच्या डब्यात दोन लाडू जास्त घालती, ती गोष्ट वेगळी.

तर हे दत्तूमामा. धाराशिवात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, 'जळालेल्या मोटारी भरून मिळतील'. म्हणजे विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवीन तार गुंडाळून भरायची. या कामात मामांचा हात जिल्ह्यात कुणी धरणार नाही. तोंडसुद्धा धरणार नाही. मोटार जळाली म्हणून आलेला माणूस स्वतः जळून परत जातो. "कोरडी चालिवली? पाणी न्हाय अन् मोटार चालू? तुला कोरडी भाकर घालून पळिवलं तर चालशील का?"

त्यांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्स आणि मोबाईल रिपेअरचं दुकान. मी पप्या. गणपतीत मी लोकांचे आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, रिव्हर्स घेणारा टेम्पो, सगळं येतं मला. पण टाळ्या पडतात त्या एकाच आयटमला, दत्तूमामांच्या. "आधी ट्यूब बंद कर!" एवढं म्हटलं की मंडप आडवा.

आता ट्यूबशी एवढं वैर का, ते सांगतो. मामांकडं एक इलेक्ट्रिक गिटार आहे. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात वाजवायचे, तेव्हाची. गिटारीच्या तारांखाली तीन पट्ट्या असतात, त्याला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. एकेरी गुंडाळी. वरची तार हलली की हे आतलं वेटोळं तो आवाज पकडतं आणि स्पीकरच्या डब्याला देतं. पण ते येडं वेटोळं नुसता गिटारीचाच आवाज पकडत नाही. घरातली ट्यूब, पंखा, शेजारचा मिक्सर, सगळ्यांची लाईट खातं आणि स्पीकरमधून एकसारखी घुंई काढतं. मामा वाजवत असोत, नसोत, घुंई चालूच.

"हजारो मोटारी भरल्या म्या," मामा ओरडायचे, "एक कधी बोलली न्हाय! अन् ही बोटभर कॉइल मला बोलती!"

या घुंईसाठी त्यांनी काय काय केलं! लाईट गेली की ते खूष व्हायचे, कारण घुंई बंद. मग गिटार उचलायचे आणि लक्षात यायचं की लाईटीबरोबर स्पीकरचा डबाही बंद. मग आणखी चिडायचे. मग परसात खड्डा खणून कोळसा, मीठ घालून गिटारीसाठी स्पेशल अर्थिंग केलं. लोक सकाळी तुळशीला पाणी घालतात, मामा अर्थिंगला घालतात. ओलं राहिलं पाहिजे म्हणे. माझ्या आईनं एकदा चुकून तिथं हळदकुंकू वाहिलं. मामा म्हणाले, "असू द्या वैनी, लागू पडलं तर तेबी चालू द्या."

तेरला त्यांच्या भाच्याच्या लग्नात तर कहर. मंगलाष्टकं झाली की मामा गिटार वाजवणार असं ठरलेलं. मामांनी वायर जोडली, घुंई आली. मंडपभर रोषणाईच्या माळा. शेवटचं मंगलाष्टक बाकी असताना मामांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला. माळा बंद, माईक बंद, मामांचा स्पीकरचा डबाही बंद. अंधारात लोकांनी उरल्या-सुरल्या अक्षता एकदाच टाकून घेतल्या आणि पंगतीकडं पळाले. भटजी तोंड उघडं ठेवून उभे. आणि मामा भाच्यावर ओरडतायत, "आता वाजिवतो म्हणलं तर ऐकायला एक माणूस न्हाय!"

एक माणूस होतं. मामी बसल्या होत्या पहिल्या ओळीत.

सुलूमामी म्हणजे मामांच्या बरोब्बर उलट. आवाज कधी चढणार नाही. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांना ऐकायला कमी येत गेलं, तेव्हा सोलापूरला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. ते त्या रात्री काढून ठेवतात, आणि दिवसाही गोंगाट झाला, कंटाळा आला की काढतात. त्यासाठी पितळेची कुंकवाची जुनी डबी आहे, घट्ट झाकणाची. पूर्वी रविवारी सकाळी मामा गिटार काढायचे तेव्हा मामी उंबऱ्यावर बसून मेथी निवडायच्या. हल्ली आतच असतात.

या उन्हाळ्यात मामा माझ्या दुकानात आले. आधी माझी ट्यूब बंद केली. गिऱ्हाईकाचं आधार कार्ड अर्धं झेरॉक्समध्ये. म्हणाले, "पप्या, शेवटचं करू लालोय. बॅटरीवरचे पिकअप निघालेत म्हणं. मागव. दोन कंपन्यांचे मागव. आठ दिवस तपासायचे. एक जरी चांगला निघाला तर ठीक. न्हाय निघाला तर रविवारी सास्तूरचे बिराजदार सर गिटार न्यायला येऊ लालेत. शब्द दिलाय त्यान्ला."

मी म्हटलं, "मामा, गिटार विकणार? एवढ्याशा घुंईसाठी?"

"तुला एवढीशी!" मामा एवढ्या जोरात ओरडले की गिऱ्हाईक आधार कार्ड सोडून पळालं.

पार्सलं आली. एक सेट काळा, एक पांढरा. गुंडाळी एकेरीच, पण हे जरा शिकलेले पिकअप. आत छोटं सर्किट, आणि चालायला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. आत तारेचे वेढे कमी, त्यामुळं घुंई पकडतच नाहीत, आणि बारीक आलेला आवाज सर्किट मोठा करतं. हे सगळं मी मोबाईलवर वाचून सांगत होतो. मामांनी ऐकलं नाही. मोटारवाला माणूस. कॉइल हातात आली की आधी मीटर लावायचा. काळ्याला मीटर लावला, काटा वेड्यासारखा कुठंतरीच. पांढऱ्याला लावला, तेच.

"जळालेल्या पाठिवल्या!" मामांनी पाना आपटला. "दोन्ही जळालेल्या! पप्या, फसिवलं आपल्याला!"

पार्सल देणारा अजून गल्लीतच होता. मामांनी त्याला गाठला. "जळाला माल वाटत फिरतो व्हय रे?" तो बिचारा म्हणतोय, काका, मी नुसता डबा देतो. मग मामांनी काळ्याच्या कंपनीला फोन लावायला लावला. पलीकडं एक मुलगी, गोड बोलणारी. मामांनी हिंदीत सुरू केलं, "मैं तीस साल से कॉइल भरता हूं, मेरे को मत सिखाव!" ती सगळं ऐकून म्हणाली, "सर, आपने बॅटरी लगाई है?"

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं, 'आधी बॅटरी'. आणि पार्सलवाला परत गल्लीत आला तेव्हा त्याला मामांनी हाक मारून चहा पाजला. चहाही रागानंच पाजला, पण पाजला.

मग सुरू झाला माझा छळ.

दुकानामागं मामांची एक बिनखिडकीची खोली आहे, पलीकडं स्वयंपाकघर. मला भिंतीकडं तोंड करून बसवायचं. माझ्यासमोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मागं मामा वाजवणार आणि विचारणार, "सांग, काळा का पांढरा? कंचा बरा?" दोन्ही सेट त्यांनी दोन प्लेटांवर बसवले होते. एक वाजवून झाला की तारा सैल करा, प्लेट काढा, दुसरी बसवा, तारा ओढा, सूर लावा. अर्धा तास. तोवर मी कॅलेंडरवरच्या एकादश्या पाठ करायचो. उठायची सोय नाही. वळायची सोय नाही. एकदा मी स्वयंपाकघराचं दार बंद केलं, फोडणीचा ठसका लागत होता म्हणून, तर मामा अंगावर आले. "दार उघडं! तपासणीत दार उघडं पाह्यजे!"

आणि वाजवायचे ते एकच. त्यांनी ऑर्केस्ट्रात असताना स्वतः बसवलेली चार ओळींची धून. तिला नाव नाही. तीही फुल्ल आवाजात, गिटारीची सगळी बटणं शेवटपर्यंत पिळून.

"मामा, जरा हळू!"

"मोटार फुल्ल लोडवर तपासत्यात. अर्ध्या लोडवर कुणीबी चालतंय!"

काळ्याचा आवाज काचेसारखा होता. एकेक तार वेगळी, लख्ख. मागं फक्त एक बारीक सूंऽऽ, ती पण कान दिला तरच कळणारी. पांढरा जरा गोल, थोडा दबका. मला काळाच आवडला. मोबाईलवर ज्या परदेशी माणसानं दोन्हींची तुलना केली होती, त्यालाही काळाच आवडला. मामांना तो माणूस आवडला नाही. "ह्यो म्हणतो, ह्याचा आवाज 'वॉर्म' हाय. वॉर्म म्हणजे गरम. आवाज हाय का भाकर हाय? आन हितं म्हणतो बदकावानी आवाज येतो, म्हणून चांगला! बदकावानी! मग गिटार कशाला घेतली, बदक घ्यायचं!"

गंमत म्हणजे मामांना स्वतःलाही काळाच आवडला होता. वाजवताना त्यांची मान डोलायची, मला भिंतीवरच्या सावलीत दिसायची. पण मी "काळा" म्हटलं की उखडायचे. "पांढरा" म्हटलं तरी उखडायचे. त्यांचं ठरलेलं असायचं. धून सुरू, पहिली ओळ, दुसरी ओळ, आतनं कुठंतरी एक टक् असा आवाज, की मामांनी तारांवर हात आपटून वाजवणं बंद. "न्हाय! ह्योबी न्हाय! बिनकामाचा!" मग सगळी शिवीगाळ माझ्या नावानं. वर गिटारीची वायर खोचलेली राहिली की बॅटरी संपते, तर तेही माझ्यावर. "वायर काढ! बॅटरी पिऊ लालीय ती!" जशी काय मी भरवली.

सहा दिवस. सहा दिवस माझं दुकान निम्मं बंद. गिऱ्हाईकं दुसरीकडं जायला लागली. शनिवारी संध्याकाळी मामांनी अकराव्यांदा हात आपटला आणि म्हणाले, "तुझ्या कानात बोळं हायत का रे?" आणि माझं डोकं फिरलं. मी उठलो, खोलीतनं बाहेर आलो, गल्लीत उभा राहिलो आणि मामांच्या तोंडावर मामांचाच आवाज काढला.

"आधी ट्यूब बंद कर! दार उघडं! फुल्ल लोड! फुल्ल लोड! अरे, मोटार हाय का मामा ती? शेतात पाणी द्यायचंय का गिटारीनं? कुणाला ऐकवायचंय एवढं बोंबलून? माझ्या कानात बोळं, बदकाच्या कानात बोळं, सगळ्या गावाच्या कानात बोळं, तुमचा एकट्याचा कान शाबूत!"

गणपतीतसुद्धा एवढं बेस जमलं नव्हतं. गल्ली गोळा झाली. लोक पोट धरून हसले. गडबड बघून मामी बाहेर आल्या. कानात मशीन नव्हतं. सगळे हसतायत म्हणून त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. मग शेजारणीला हळूच विचारलं, "काय म्हणला गं पप्या?" शेजारीण खाली बघायला लागली. एकेक जण घराकडं वळला.

मला वाटलं, मामा आता पाना घेऊन येतील. आले नाहीत. दारातल्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हसून घ्या. उद्या जाऊ लालीय गिटार." एवढंच. आत गेले. मला राग काढून मोकळं वाटायला पाहिजे होतं. उलट रागच आला, कुणाचा ते कळेना.

रविवारी सकाळी बिराजदार सर मोटारसायकलवर आले. शाळेत संगीत शिकवतात, सज्जन माणूस. मी पण गेलो. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण बसायला पोतं सरकवलं. गिटारीत काळा सेट होता. सरांनी गिटार मांडीवर घेतली, आवाजाचं बटण अर्ध्यावर आणलं आणि हळुवार वाजवायला लागले. "व्वा मामा, काय आवाज आहे! हाच सेट राहू द्या." आवाज कमी केल्यावर मागची सूंऽऽ जरा जास्त जाणवत होती, पण सरांना त्याचं काही नव्हतं.

आतनं आवाज आला. टक्.

मामा उठले. सरांच्या मांडीवरून गिटार काढून घेतली. "पांढरा लावून देतो," म्हणाले.

"अहो, काळाच बरा आहे."

"मलाबी काळाच बरा वाटतो!" मामा ओरडले. "तरी पांढरा लावून देतो! बसा!"

अर्धा तास. सर चहा पीत बसले. मामांनी प्लेट बदलली, तारा ओढल्या, सूर लावला. मग म्हणाले, "एकदा वाजिवतो. मग न्या." आणि बटण पिळायला हात नेला. थांबले. माझ्याकडं एकदा बघितलं, रागानंच. आणि बटण फुल्ल नाही, पाव भागच फिरवलं. मोटारवाल्या माणसानं जन्मात पहिल्यांदा लोड कमी केला असेल.

मग वाजवलं. हळू. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं एवढंच. घुंई नाही, सूंऽऽ नाही, मागं काहीच नाही. पहिली ओळ. दुसरी ओळ. मी टक् ची वाट बघत होतो. मामाही बघत होते, त्यांची बोटं तारांवर होती आणि मान स्वयंपाकघराच्या दाराकडं वळलेली. गेल्या सहा दिवसांत माझं तोंड कॅलेंडरकडं असायचं. मामांचं तोंड कुणीकडं असायचं, ते मला आज दिसलं.

आणि ते सहा दिवसांचे सगळे टक् मला एकदम आठवले. कुंकवाच्या डबीचे, मशीन काढून आत ठेवल्याचे.

तिसरी ओळ. चौथी. डबी वाजली नाही. धून संपली.

आतनं मामींचा आवाज आला. "दुसऱ्या वळीत चुकलं."

मामा तसेच बसलेले. "काय?"

मामी उंबऱ्यावर आल्या. हातात मेथीची जुडी, कानात मशीन. "खाली यायच्या आधीचा एक सूर खाल्ला तुमी. आजचं न्हाय, लग्नाच्या आधीपास्नं खाता. तवा लाजंनं बोलले न्हाय."

तीस वर्षं कॉइल भरणाऱ्या, कंपनीला 'मेरे को मत सिखाव' म्हणणाऱ्या, भटजी, पार्सलवाला, परदेशी माणूस कुणालाही न सोडणाऱ्या माणसाला मामींनी भर पाव्हण्यासमोर चूक काढून दाखवली होती. मी पोत्यावरून थोडा मागं सरकलो.

"व्हय," मामा म्हणाले. "चुकलं."

मग घसा खाकरला आणि बिराजदार सरांवर उसळले. "गिटार इकायची न्हाय! चहा झाला न्हवं? मग निघा की! सास्तूर काय जवळ हाय का?" सर बिचारे शहाणे. हसले, मामींना नमस्कार केला आणि निघाले. मामांनी काळा सेट डब्यात घातला आणि तो डबा माझ्या अंगावर टाकला. "परत पाठीव. लई चांगला हाय म्हणावं. आमच्या कामाचा न्हाय."

मामी उंबऱ्यावर बसल्या, मेथी निवडायला. खोलीत अंधार होता, काड्या आणि पानं सारखीच दिसत होती.

"पप्या," मामा खेकसले, "ट्यूब लाव. तिला दिसंना."

मी ट्यूब लावली. मामांनी दुसरी ओळ परत पहिल्यापासून धरली.

यंदाच्या गणपतीत लोक मागं लागले, दत्तूमामा कर, दत्तूमामा कर. केला. ट्यूब, अर्थिंग, पार्सलवाला, बदक, सगळं केलं. मामी पहिल्या ओळीत बसून हसत होत्या, यावेळी कानात मशीन लावून, बरोब्बर जागेवर. मामा मागं उभं राहून मला शिव्या देत होते. त्यांचं सगळं येतं मला. फक्त ते एक 'व्हय' येत नाही. घरी दार लावून बऱ्याचदा काढून बघितलं.